लाकडी नळीतून ऐकणारा डॉक्टर : रने लाएनेक

डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसेल तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. त्यांनी तो थंडगार तुकडा छातीला लावला, श्वास घ्यायला आणि सोडायला सांगितला, की आपल्याला नीट तपासले असे समाधान मिळते. घाईघाईत न तपासता औषध लिहून दिले तर घरी येऊन आपण कुरकुर करतो. लहान मुलांच्या डॉक्टर-डॉक्टर खेळातही पहिल्यांदा तोच लागतो. पण हे साधन कोणी शोधून काढले असे विचारले, तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले ते नाव आहे डॉ. रने लाएनेक. फ्रान्समधला हा श्रद्धावान कॅथलिक डॉक्टर १३ ऑगस्ट १८२६ रोजी वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी देवाघरी गेला. म्हणजे १३ ऑगस्ट २०२६ हा त्यांचा दोनशेवा स्मृतिदिन.

हल्ली घरात सतत काही ना काही नवे यंत्र येत असते. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके मोजते. कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि त्यावरचा आकडा पाहून आपण धीर धरायला किंवा घाबरायला शिकलो. छातीचा एक्स-रे आता संगणकही वाचतो. यंत्र आले की पूर्वी न दिसणारे दिसू लागते, न ऐकू येणारे ऐकू येऊ लागते. पण जे नव्याने कळले त्याचे करायचे काय, आणि यंत्राच्या पलीकडचे जे आहे ते कोणी पाहायचे? हा प्रश्न आजचा वाटला तरी तो जुना आहे. लाएनेक यांच्या आयुष्यात तो फार जवळून पाहायला मिळतो. म्हणून आज आम्ही त्यांचे चरित्र आपल्यासमोर ठेवत आहोत.

आईविना वाढलेला रने

रनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचे पश्चिमेकडचे टोक. तिन्ही बाजूंना समुद्र, मासेमारी करणारी गावे, दगडी चर्चेस आणि रस्त्यांच्या कडेला क्रूस. तिथल्या साध्या लोकांची भाषा फ्रेंच नव्हती. ते आपली ब्रेतों बोली बोलत. ज्यांच्या आजीने आयुष्यभर घरची बोली सोडली नाही, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

रने पाच वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. ती क्षयाने गेली असे मानले जाते. वडील वकील होते. त्यांना कविता करण्याचा नाद होता, हातात पैसा टिकत नसे आणि आईविना पोरांचा सांभाळ करणे त्यांना जमणारे नव्हते. काही काळ मुले घराण्यातल्या एका धर्मगुरूंकडे राहिली. नंतर रनेला नाँत शहरात राहणाऱ्या गियोम काकांकडे पाठवण्यात आले. काका तिथल्या इस्पितळात डॉक्टर होते. पोरक्या पुतण्याला त्यांनी आपल्या मुलांबरोबर वाढवले आणि पुढे त्याच्या मनात वैद्यकाची ओढही त्यांनीच निर्माण केली.

ते दिवस मात्र शांततेचे नव्हते. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि थोड्याच वर्षांत तिचे रूप भयंकर झाले. काकांचे घर ज्या चौकात होते त्याच चौकात गिलोटिन उभारण्यात आले. नोव्हेंबर १७९३ मध्ये नाँत येथे सुमारे ९० धर्मगुरूंना होडीत कोंडून लुआर नदीत बुडवण्यात आले. बारा वर्षांच्या मुलाच्या खिडकीसमोर हे सारे घडत होते. इस्पितळे जखमींनी आणि तापाच्या रोग्यांनी भरली होती. अशा वेळी, १७९५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी रने लष्करी इस्पितळात मदतनीस म्हणून काम करू लागला. जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे ही त्याच्या वैद्यकीची पहिली शाळा.

मेल्यावर कळणारे दुखणे

१८०१ साली रने नाँतहून पायी निघाला आणि पॅरिसला पोहोचला. खिशात फारसे काही नव्हते. अंगाने तो हडकुळा आणि ठेंगणा, पण अभ्यासात पक्का होता. १८०३ साली वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांतली पहिली बक्षिसे त्याने पटकावली आणि १८०४ साली तो डॉक्टर झाला. त्याचे गुरू होते कोर्विसार. नेपोलियनचे स्वतःचे डॉक्टर म्हणून त्यांचे मोठे नाव होते.

त्या काळी डॉक्टर रोग्याला कसा तपासत असत? नाडी पाहत, जीभ पाहत, लघवीचा रंग पाहत आणि रोगी काय सांगतो ते ऐकत. त्याच्या आत काय चालले आहे ते पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता. एक्स-रे नव्हता, रक्ततपासणी नव्हती. पॅरिसच्या इस्पितळांत मात्र एक नवी गोष्ट सुरू झाली होती. रोगी मरण पावला की डॉक्टर शवविच्छेदन करून फुप्फुसात, हृदयात, यकृतात काय बिघडले होते ते पाहत. त्यामुळे रोगाची खरी जागा कळू लागली. पण ती कळायची रोगी गेल्यावर. जिवंत माणसाच्या छातीचे दार बंदच होते.

त्या दाराशी कोर्विसार यांनी एक जुनी युक्ती पुन्हा आणली होती. व्हिएन्नाचे डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ साली छाती बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत लिहून ठेवली होती. पिंप ठोकले की आत किती द्राक्षारस उरला ते कळते, आपण बाजारात कलिंगड ठोकून पाहतो, तसेच हे. निरोगी फुप्फुस पोकळ वाजते. पाणी भरले असेल तर आवाज बद्द येतो. ही युक्ती लोक जवळजवळ विसरले होते. कोर्विसार यांनी १८०८ साली त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले आणि आपल्या विद्यार्थ्यांना छाती वाजवून पाहायला शिकवले. लाएनेक यांचे कान असे आधीच तयार होत होते.

आपल्या बोलीतले आजारी

पॅरिसमध्ये आल्यावर पहिली काही वर्षे लाएनेक यांचे धर्माकडे फारसे लक्ष नव्हते. क्रांतीत वाढलेल्या त्या पिढीत हे सर्रास घडत होते. पण १८०३ च्या सुमारास ते मित्रांच्या संगतीने फादर देलप्युई यांच्या मरियामातेच्या सोडॅलिटीत दाखल झाले. तेव्हापासून अखेरपर्यंत त्यांची श्रद्धा ढळली नाही. ते तिचा गाजावाजा करीत नसत; ती त्यांच्या रोजच्या वागण्यात दिसे.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १८१० साली त्यांचा धाकटा भाऊ मिशो क्षयाने गेला. १८१६ साली त्यांचा जिवलग मित्र आणि सहकारी डॉ. बेल हाही त्याच रोगाने गेला. बेल यांनी क्षयावर मोठे संशोधन केले होते. लाएनेक यांना स्वतःलाही वरचेवर दम लागत असे आणि छातीत दुखत असे.

१८१४ सालची एक गोष्ट त्यांच्या स्वभावाची ओळख पटवते. नेपोलियनच्या शेवटच्या लढायांत जखमी आणि तापाने आजारी झालेल्या सैनिकांनी पॅरिसची इस्पितळे भरून गेली होती. त्यांत ब्रिटनीहून सक्तीने भरती केलेली तरुण पोरे होती. त्यांना फ्रेंच येत नव्हते. कुठे दुखते ते डॉक्टरला सांगता येत नव्हते आणि मरताना कोणाशी दोन शब्द बोलता येत नव्हते. लाएनेक यांनी खटपट करून या पोरांना सालपेत्रियेर इस्पितळात एकत्र आणवले. त्यांच्याशी ते ब्रेतों भाषेत बोलू लागले आणि ती भाषा जाणणारे धर्मगुरूही त्यांच्यासाठी मिळवले. स्टेथोस्कोपचा शोध लागण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. रोग्याचे ऐकून घेण्यासाठी जे पहिले साधन लागते, ते त्यांच्यापाशी तेव्हाच होते.

कागदाची सुरळी

१८१६ साली लाएनेक यांची पॅरिसच्या नेकेर इस्पितळात नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे एक तरुणी आली. तिला हृदयविकाराची लक्षणे होती. ती अंगाने स्थूल असल्यामुळे छाती ठोकून काही कळेना. छातीला सरळ कान लावून ऐकण्याची पद्धत अगदी जुन्या काळापासून अधूनमधून वापरली जात होती. पण तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे लाएनेक यांना प्रशस्त वाटले नाही. शिवाय इस्पितळातल्या घामट, मळक्या रोग्यांना कान लावणे डॉक्टरलाही नकोसे होई, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

अशा अडचणीत त्यांना ध्वनीविषयीची एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. लूव्र राजवाड्याच्या अंगणात मुले हा खेळ खेळताना त्यांनी पाहिली, अशी गोष्ट पुढे रूढ झाली. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात मात्र ती नाही. त्यांनी जवळच्या कागदांचा गठ्ठा घट्ट गुंडाळला, त्याची सुरळी केली, तिचे एक टोक त्या तरुणीच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके त्यांना नुसत्या कानाने कधी आले नव्हते इतके जवळ आणि स्पष्ट ऐकू आले.

त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या तरुणीपुरती सोय झाली म्हणून सुरळी बाजूला ठेवून दिली असती. लाएनेक यांच्या लक्षात आले की हृदयच नव्हे, श्वास, आवाज, छातीतल्या पाण्याची हालचाल, असे सारे या वाटेने ऐकू येऊ शकेल. जिवंत माणसाच्या छातीचे दार किलकिले झाले होते.

तीन वर्षांचे ऐकणे

यानंतरची तीन वर्षे त्यांनी काय केले, तर ऐकले. सकाळी वॉर्डात जाऊन एकेका रोग्याच्या छातीला नळी लावायची, ऐकू येईल तो आवाज टिपून ठेवायचा, आणि रोगी वारला तर शवविच्छेदन करून त्या जागी आत काय झाले होते ते पाहायचे. आवाज आणि आतला बिघाड यांची जोडी जुळली की मगच ती खरी मानायची. पुन्हा दुसरा रोगी, पुन्हा तेच.

नळी कशाची असावी यावरही त्यांनी प्रयोग केले. काच आणि धातू तितके उपयोगी पडले नाहीत. मध्यम घनतेचे लाकूड चांगले ठरले. घरी लेथ आणून त्यांनी आपल्या हातांनी नळ्या तयार केल्या. सुमारे एक फूट लांब, दोन भागांत जोडता येणारी, मधून पोकळ अशी ती नळी होती. टोकाला काढता-घालता येणारे एक बूच असे. हृदय ऐकायचे असेल तर बूच घालायचे, श्वास ऐकायचा असेल तर काढायचे. ग्रीक भाषेत छाती आणि पाहणे यांसाठी असलेल्या दोन शब्दांवरून त्यांनी तिला स्टेथोस्कोप हे नाव दिले. साधन ऐकण्याचे, पण नाव पाहण्याचे! कानाने ऐकून आतले चित्र डोळ्यांपुढे आणणे, हा त्यांचा हेतू त्या नावातच आहे.

नवीन आवाजांना नावे नव्हती. मग त्यांनी रोजच्या जगातून उपमा शोधल्या. न्यूमोनियाच्या सुरुवातीचा आवाज तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा. काही रोग्यांच्या छातीत पारवा घुमल्यासारखा आवाज. छातीत पाणी झालेल्याचा आवाज नळीतून बकरीच्या बेंबें करण्यासारखा थरथरत येई. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर त्या जागी रोग्याचे बोलणे जणू छातीतूनच थेट नळीत शिरे.

यातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. छातीतल्या खरखरीला फ्रेंचमध्ये जो शब्द होता, तोच लोक मरणाऱ्याच्या घशातल्या घरघरीलाही वापरत. डॉक्टरांच्या तोंडून तो ऐकला की रोग्याला वाटे, आपली वेळ भरली. म्हणून खाटेजवळ लाएनेक त्या शब्दाऐवजी लॅटिन शब्द वापरत. छातीच्या आतला आवाज टिपत असताना, आपल्या शब्दाने त्या छातीत भीती भरू नये याचीही काळजी ते घेत होते.

१८१९ साली त्यांचे दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. छातीच्या रोगांचे इतके नेमके वर्णन त्यापूर्वी कोणी केले नव्हते. यकृताच्या ज्या रोगाला आपण आज सिऱ्होसिस म्हणतो, ते नावही त्याच पुस्तकातले आहे.

मिळाले काय, राहिले काय

सगळ्यांनी लगेच त्यांना डोक्यावर घेतले असे नाही. पॅरिसचे बडे डॉक्टर ब्रुसे त्यांचे कडवे विरोधक होते. बहुतेक सर्व रोग पोटातल्या दाहातून होतात आणि जळवा लावून रक्त काढणे हाच उपाय, असे त्यांचे मत होते. १८२१ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करणारे डॉ. जॉन फोर्ब्स यांनाही हे साधन सर्रास वापरात येईल याची खात्री वाटत नव्हती, कारण त्याला वेळ आणि मेहनत फार लागते. तरीही इतर देशांतले तरुण डॉक्टर शिकायला येऊ लागले आणि आपल्या गावी नळी घेऊन परतू लागले.

नळीने काय बदलले? तोपर्यंत डॉक्टरला कळे ते मुख्यतः रोग्याने सांगितल्यामुळे. आता रोग्याला जे स्वतःला ठाऊक नाही, तेही डॉक्टरला कळू लागले. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात पोकळी आहे, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वी समजू लागले. हा फार मोठा लाभ होता. पण त्याबरोबर एक धोकाही आला. यंत्र सगळे सांगते, मग रोग्याचे कशाला ऐकायचे, असे वाटण्याचा धोका. आजही डॉक्टर आपल्याकडे न पाहता रिपोर्टकडे पाहतात अशी तक्रार आपण करतो, तिची सुरुवात तिथवर नेता येईल.

आणि यंत्राने उघडलेल्या दारातून सगळेच दिसते असेही नाही. याचा दाखला लाएनेक यांच्याच पुस्तकात आहे. पॅरिसमधल्या कडक नियमांच्या एका नव्या मठात ते दहा वर्षे धर्मभगिनींना तपासत होते. त्या काळात मठातल्या भगिनी एकामागून एक क्षयाने गेल्या, इतक्या की मठ दोन-तीनदा नव्याने भरावा लागला. वाचल्या त्या प्रामुख्याने मठाच्या प्रमुख, दारावर बसणारी, बाग आणि स्वयंपाक पाहणाऱ्या. लाएनेक यांनी निष्कर्ष काढला की कठोर जीवनातून आलेली उदासी हे कारण असावे. क्षय एकापासून दुसऱ्याला होतो हे त्यांना पटत नव्हते. आज आपल्याला तीच हकीगत वाचताना बंद खोल्या आणि एकत्र घेतलेला श्वास दिसतो. वाचल्या त्या बहुतेक मोकळ्या हवेत किंवा इतरांपासून दूर काम करणाऱ्या होत्या. जगातला सर्वांत तयार कान असलेल्या माणसालाही ही गोष्ट ऐकू आली नाही, कारण त्याच्या नळीत ती ऐकू येण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी दुसरे साधन लागणार होते. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दिसल्याचे जाहीर केले, तेव्हा ते दार उघडले.

उपचारांतही लाएनेक यांचे हात बांधलेले होते. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. आपल्या ब्रिटनीची समुद्राची हवा रोग्यांना मानवेल अशा आशेने त्यांनी वॉर्डात समुद्रशेवाळ आणून ठेवले होते. रोग ओळखता येतो पण बरा करता येत नाही, हे ओझे त्यांनी आयुष्यभर वाहिले. ज्याला काही करता येणार नाही, त्याच्या खाटेशीही ते जाऊन बसत.

स्वतःच्या छातीतला आवाज

पुस्तक पुरे करता करता लाएनेक पार खचले. १८१९ च्या शरद ऋतूत पॅरिस सोडून ते ब्रिटनीतल्या केरलुआर्नेक या आपल्या वाडवडिलांच्या घरी गेले. शेती, झाडे, मोकळी हवा आणि ब्रेतों बोलणारी माणसे यांत त्यांची प्रकृती सुधारली. दोन वर्षांनी ते पॅरिसला परतले. १८२२ साली ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. पुढे शारिते इस्पितळात शिकवू लागले. राजघराण्यातील स्त्रियाही त्यांच्याकडून औषध घेत, पण गरिबांना तपासणे त्यांनी सोडले नाही. डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी आपले घर सांभाळणाऱ्या, नात्यातल्याच एका विधवा बाईंशी विवाह केला.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८२६ साली निघाली. ती तयार करताना ते पुन्हा आजारी पडले. ताप, खोकला, दम, झिजत चाललेले शरीर. तेव्हा त्यांनी घराण्यातला तरुण डॉक्टर मेरियादेक याला नळी घ्यायला सांगितले, आपली छाती ऐकवली आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचे वर्णन करायला लावले. मेरियादेक जे आवाज सांगत होता, ते शेकडो रोग्यांच्या छातीत त्यांनी स्वतः ऐकले होते. पुस्तकात त्यांचा अर्थही त्यांनीच लिहिला होता. बंधूभगिनींनो, आपल्याच साधनाने आपलाच मृत्यू असा कळणे, ही केवढी कठीण घटका असेल!

त्यांनी ती शांतपणे स्वीकारली. मृत्युपत्रात पुस्तके आणि कागद मेरियादेकच्या नावे केले आणि स्टेथोस्कोप हा आपल्या वारशातला सर्वांत मोलाचा भाग असल्याचे नमूद केले. मे महिन्यात प्रवासाचे हाल सोसून ते ब्रिटनीला परतले. शेवटच्या दिवशी अंथरुणातून किंचित उठून त्यांनी बोटांतल्या अंगठ्या एकेक करून काढून ठेवल्या. थोड्या वेळाने हे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागेल आणि त्या माणसाला त्याचे दुःख होईल, म्हणून ते आधीच उरकत असल्याचे त्यांनी जवळच्यांना सांगितले. काही तासांतच, १३ ऑगस्ट १८२६ रोजी, त्यांचे निधन झाले. प्लोआरे गावच्या दफनभूमीत त्यांचे शरीर विसावले आहे.

आपल्या हाती काय आहे?

लाएनेक यांची सरळ लाकडी नळी पुढे बदलली. १८५१-५२ च्या सुमारास दोन्ही कानांत घालायचा स्टेथोस्कोप आला. १८९५ साली एक्स-रेचा शोध लागला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षय औषधाने बरा होऊ लागला. लाएनेक, त्यांची आई, भाऊ आणि मित्र ज्या रोगाने गेले, तो आज पूर्ण बरा होतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या चाचणीसाठी छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याची शिफारस केली. जिथे तज्ज्ञ डॉक्टर पोहोचत नाहीत अशा गावात एक यंत्र रोग्याचा संशय दाखवू शकते, ही देवाची कृपाच म्हणायची.

तरीही जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या भारतात आहे. साधने आहेत, औषधे आहेत, मग अडते कुठे? बऱ्याचदा ते माणसांपाशी अडते. खोकला अंगावर काढला जातो. मुलीचे लग्न जमायचे आहे म्हणून दुखणे लपवले जाते. दोन महिन्यांत बरे वाटले की गोळ्या सोडल्या जातात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या परगावच्या कामगाराला त्याच्या भाषेत विचारणारे कोणी नसते. यातले काहीही एक्स-रेत उमटत नाही. १८१४ साली ब्रेतों पोरांजवळ बसलेल्या डॉक्टरला ते ठाऊक होते.

म्हणून आम्ही सर्वांना विनंती करतो. घरात, शेजारी किंवा कामावर कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. तिथे थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. औषध सुरू झाले की डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत त्याची चौकशी करत राहावे. तो एकटा जायला कचरत असेल तर त्याच्यासोबत रांगेत उभे राहावे, आणि वाटेत तो जे सांगेल ते घाई न करता ऐकून घ्यावे.